नोंद नसलेला फोटो

३ ऑगस्ट

प्रिय चिऊ,

"थांब वहिनी, गाडी आली" म्हणून तू फोन ठेवलास, त्याला पंधरवडा झाला. तुझ्या शवागारात गाडी येते म्हणजे काय येतं ते मला माहीत आहे, म्हणून मी परत फोन लावला नाही. लिहिलेलं बरं. तू सवडीने वाचशील.

अनोळखी मृतांची साइट आता माझ्याकडे आली आहे. शवागारांच्या सगळ्या केंद्रांची मिळून चालते ती, जिच्यावर तू रोज फोटो चढवतेस तीच. आधीचा प्रोग्रॅमर सोडून गेला. साइट चालवणाऱ्या समितीने कुणी आपणहून करेल का म्हणून विचारलं, आणि मी हो म्हटलं. का म्हटलं ते तुला सांगायला नको. तुझा दादा घरातून गेला त्याला आता सहा वर्षं होतील.

जुना सर्व्हर वर्षअखेरीस बंद होणार आहे. सगळं नव्यावर हलवायचं, आणि हलवताना एक जुना घोळ निस्तरायचा. सध्या असं आहे की माणसाची माहिती, म्हणजे कुठे सापडला, केव्हा, वय अंदाजे किती, अंगावर खुणा काय, ही डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस म्हणजे कुलूपबंद कपाट समज, प्रत्येक गोष्टीला ठरलेला कप्पा. फोटो मात्र त्या कपाटात नाहीत. ते बाहेर, डिस्कवर साध्या फोल्डरांत ठेवले आहेत. कपाटात नुसती चिठ्ठी असते, की याचा फोटो अमुक फोल्डरमध्ये, अमुक नंबरचा. चिठ्ठी चुकली किंवा फोटो हलला की पानावर चेहऱ्याच्या जागी रिकामी चौकट दिसते.

समितीचं म्हणणं, फोटोही कपाटातच घाला, एकदाचं सगळं एका जागी राहील. माझा कल उलटा आहे. फोटो जड असतात. ते कोंबले की कपाट फुगतं, साइट रेंगाळते, सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवायची म्हटलं तर तास न् तास जातात. आमच्या धंद्यात या एका मुद्द्यावरून माणसं चहा गार होईपर्यंत भांडतात. पण ही साइट बघणारे आमच्या धंद्यातले नाहीत. म्हणून तुला विचारते. फोटो आणि नोंद यांची ताटातूट झाली तर तुझ्याकडे काय होतं?

आईंच्या कानाचं यंत्र दुरुस्त झालं का? मागे फोनवर त्या माझ्या प्रत्येक वाक्याला "बरं बरं" म्हणत होत्या. मी पडले होते असं सांगितलं, तरी "बरं बरं."

तुझी,
वहिनी

११ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पडलीस कुठे? आणि ते कानाचं यंत्र दुरुस्त झालं आहे, पण आई ते डबीत ठेवते. घातलं की पंख्याचा आवाज फार येतो म्हणे.

ताटातुटीचं विचारलंस म्हणून सांगते. आमच्याकडे माणूस आला की पहिलं काम पट्टी बांधायचं. एक मनगटाला, एक पायाच्या अंगठ्याला, दोन्हीवर एकच नंबर. दोन कशाला, तर एक सुटते. पाण्यातून आलेला असेल तर हमखास सुटते. मागे एकदा दोघांच्या मिळून चारही पट्ट्या सुटल्या होत्या. आमचे साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे "शांतता राखा" म्हणतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा ओरडले. बाहेर बाकावर दोन घरची माणसं बसली होती आणि आत आम्ही कोण कुणाचा ते दातांवरून ठरवत होतो. बरोबर ठरलं असं आम्ही धरून चाललो आहोत.

तेव्हा माझं मत समितीच्या बाजूने. चेहरा आणि माहिती एकाच कप्प्यात ठेव. साइट रेंगाळली तर रेंगाळू दे. तिथे येणाऱ्याला घाई नसते गं. मी लोकांना माझ्या टेबलाशी बसवून दाखवते ना, तेव्हा पाहते. पुढचं पान उघडायला जेवढा वेळ लागेल तेवढा त्यांना हवाच असतो.

आई संध्याकाळी मी चपला काढत असतानाच विचारते, "आज कोण आलं?" मी म्हणते, "आपलं कुणी नाही." मग ती माझं ताट वाढते. रोज एवढंच. यंत्र न घालताही तिला हे उत्तर ऐकू येतं.

एक विचारू? रागावू नकोस. साइट तुझ्याकडे आहे म्हणजे सगळ्या केंद्रांतले सगळे चेहरे तुझ्याकडे आहेत. तू ते बघितलेस का? की तुम्ही लोक नुसत्या फाइली मोजता?

चिऊ

१९ ऑगस्ट

प्रिय चिऊ,

रागावले नाही. दोन-तीन दिवस लिहावंसं वाटलं नाही एवढंच.

नाही बघितले. फोटो नीट दिसतो की नाही हे तपासायला मी माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीचा फोटो वापरते. सगळ्या चाचण्या त्या खुर्चीवर चालतात. आता ऐकच. तो गेला त्यानंतरची पहिली तीन वर्षं मी ही साइट रोज बघत होते. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना. मग असं व्हायला लागलं की समोर बसून बोलणारी जिवंत माणसंही मला डोळे मिटलेली दिसायची. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हे आधी बंद करा. मी बंद केलं. तुला बोलले नाही, कारण तुला तर रोज तेच काम करून मग आईंसमोर जेवायला बसायचं असतं.

आता कामाचं. तुझी पट्टीची गोष्ट मी दोनदा वाचली, आणि तरी माझा कल फोल्डरकडेच आहे. कपाट बिघडलं तर सगळंच जातं, नाव आणि चेहरा दोन्ही. फोल्डर निदान डोळ्यांना दिसतो, हाताने उचलता येतो. पण हट्ट करत नाही. आधी मोजणी केली, आणि मोजणीत एक निघालं.

फोटो नोंदींपेक्षा एक्केचाळीस जास्त आहेत. म्हणजे एक्केचाळीस चेहरे फोल्डरमध्ये आहेत आणि कपाटात त्यांची चिठ्ठीच नाही. चिठ्ठी नाही म्हणून साइट त्यांना कधी दाखवत नाही. आमच्याकडे अशा फाइलींना अनाथ म्हणतात. मला लिहिताना तुमचाच शब्द आधी सुचला, बेवारस.

हे कसं होतं, तर केंद्रावरचा माणूस फोटो चढवतो आणि माहिती भरतो. फोटो आधी फोल्डरमध्ये पोचतो, नोंद त्याच्या मागून लिहिली जाते. नेमकी मध्येच नेटची लाइन गेली की फोटो राहतो, नोंद राहत नाही. बहुतेक वेळा तो माणूस कपाळाला हात लावतो आणि सगळं पुन्हा भरतो. दुसरा फोटो नोंदीसकट जातो, पहिला तसाच पडून राहतो. तेव्हा हे एक्केचाळीस जण साइटवर दुसऱ्या फोटोत असणारच. फक्त कुणीतरी ते डोळ्यांनी जुळवायला हवेत. मला ते जमणार नाही. तू करशील? सोबत पाठवते आहे. मी एकही उघडलेला नाही.

पडले ते ऑफिसच्या जिन्यात. घोटा मुरगळला होता, आता बरा आहे.

वहिनी

२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

रोज दुपारचा डबा खाऊन झाला की चार-पाच जुळवते. सव्वीस जुळले. तुझा अंदाज बरोबर आहे, प्रत्येकाचा दुसरा फोटो साइटवर आहे. एका आजोबांच्या पहिल्या फोटोत चादरीची घडी हनुवटीवर आली होती, दुसऱ्यात कुणीतरी ती सारखी केली आहे. हे बघून बरं वाटलं. इतक्या लांबच्या केंद्रावर कुणीतरी परत वाकून चादर सारखी करतं, हे मला माहीत नव्हतं.

"शांतता राखा" येऊन मागे उभे राहिले. म्हणाले, "हे कोणाचं काम?" मी म्हटलं, "वहिनीचं." त्यावर ते शांत राहिले.

आणि मी तुला ते फाइली मोजण्याचं बोलले, ते विसर. मला माहीत नव्हतं.

उरलेले पंधरा या आठवड्यात करते.

चिऊ

२० सप्टेंबर

प्रिय चिऊ,

परवा तुझी यादी आली, सोबत एक अक्षर नाही. चाळीस फोटोंसमोर तू नोंदीचे नंबर लिहिले आहेस. एकासमोरची जागा मोकळी आहे.

फोन केला, तू उचलला नाहीस. आईंनी उचलला आणि "बरं बरं" म्हणून ठेवला. तू माझ्यावर रागावली आहेस का? त्या तीन वर्षांबद्दल मी लिहिलं, ते तुला लागलं असेल. आपण दोघी एकच गोष्ट करत होतो आणि मी मधेच थांबले, तू थांबली नाहीस, असं तुला वाटलं असेल तर ते खरंच आहे.

समिती मागे लागली आहे. या महिन्यात फोटो हलवायला सुरुवात करायची. जुळलेले चाळीस मी काढून टाकते, कारण त्यांच्या दुसऱ्या प्रती आहेतच. तो उरलेला एक बहुधा कुणीतरी सुरुवातीला चाचणी म्हणून चढवलेला असेल, माझ्या खुर्चीसारखा. तोही काढून टाकू का? हो किंवा नाही एवढंच कळव.

वहिनी

२१ सप्टेंबर

वहिनी,

तो काढू नकोस.

रागावलेली नाही. कामं आहेत.

तो कुठल्या केंद्रावरून आला आणि केव्हा, हे तुला शोधता येईल का? नोंद नाही हे कळलं. तरीही काही कळत असेल तर बघ. फोटो उघडण्याची गरज नाही. आई बरी आहे.

चिऊ

२४ सप्टेंबर

प्रिय चिऊ,

शोधलं. थोडं नशीब चांगलं म्हणायचं. प्रत्येक केंद्राचा फोल्डर वेगळा आहे, आणि हा फोटो बंदराजवळच्या छोट्या केंद्राच्या फोल्डरमध्ये आहे. फाइलीवरची तारीख उपयोगाची नाही. मागे कुणीतरी सगळे फोटो एका डिस्कवरून दुसरीवर नेले, तेव्हा सगळ्यांवर तीच एक तारीख बसली. पण नंबर ओळीने आहेत. याच्या आधीच्या फोटोची नोंद गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षीची आहे, जानेवारीच्या सुरुवातीची. याच्या नंतरच्याची त्याच महिन्याच्या अखेरची. म्हणजे हा त्या दोघांच्या मधला. पुन्हा भरलेली नोंद मला तरी सापडत नाही. त्या दिवशी लाइन गेली असेल, भरणाऱ्याला फोटो चढलेला दिसला असेल, आणि झालं असं समजून तो घरी गेला असेल.

एक विचारायचं आहे. बाकी चाळीस तू मला नंबर टाकून पाठवलेस. या एकासाठी तू

इथवर सकाळी लिहिलं होतं. ते वाक्य लिहितानाच हात थांबला. तू कधी "फोटो उघडण्याची गरज नाही" असं म्हणत नाहीस. तू म्हणतेस, बघ. मला सहा वर्षं तू हेच म्हणत आलीस.

मी उघडला.

केस पार पिकले आहेत. कुणीतरी विंचरून दिले आहेत, उलट्या बाजूने. चष्मा नाही. चष्म्याची काडी बसवून आणतो, असं सांगूनच तो गेला होता ना. डाव्या भुवईतली फट तशीच आहे. गाल बसले आहेत, पण दाढी नीट केलेली आहे. गळ्याशी स्वेटरची पट्टी दिसते, हातविणीची, गडद रंगाची. असा स्वेटर आपल्या घरात कधी नव्हता.

मी खुर्चीत बसून राहिले. मग उठून घोट्याला बांधायची पट्टी शोधायला लागले. घोटा बरा होऊन महिना झाला आहे. का शोधत होते, कोण जाणे.

तो गेला त्यानंतर तीन वर्षांहून जास्त होता, चिऊ. कुठेतरी होता. जेवत होता, झोपत होता, कुणाकडून तरी दाढी करून घेत होता. आणि त्यानंतर या फोल्डरमध्ये.

तुला कधी कळलं?

वहिनी

९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

शेवटच्या पंधरांत तो सातवा होता. पहिल्यांदा मी त्याला ओळखलंच नाही. चष्म्याशिवाय त्याला आपण झोपलेला सोडला तर कधी बघितलाय? मी पुढचा उघडला, त्याचा नंबर लिहिला, आणि मग मागे आले. यादी तशीच तुझ्याकडे पाठवली, कारण सोबत काय लिहू ते सुचेना. वाटलं, आधी कुठे आहे ते शोधू. तुला आणि आईला सांगायचं तर निदान जागा सांगता यावी.

म्हणून चार दिवसांची रजा काढून बंदरावर गेले. आईला सांगितलं, कामाचं शिबिर आहे.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक शीतपेटी. आत एक बाई होती, माझ्याच कामाची, पण नवीन. मी फोटो दाखवला. ती म्हणाली, "मी गेल्या वर्षी लागले. यांची नोंद कुठली?" मी म्हटलं, "नोंद नाही." "मग कागद बघावे लागतील." तिने कपाट उघडलं आणि परत लावलं. साइट सुरू झाल्यावर त्यांनी कागदावर लिहिणं बंद केलं होतं. वरूनच तसं सांगितलं होतं म्हणे, एकच काम दोनदा कशाला.

मग तिने मला मागच्या जमिनीवर पाठवलं. बेवारसांना पुरतात ती जागा. समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही, मध्ये गोदामं आहेत. तिथला राखणदार टिकावाच्या दांड्याला खिळा मारत होता. मी वर्ष आणि महिना सांगितला.

"त्या हिवाळ्यातले सगळे या ओळीत," तो म्हणाला.

"यातला कुठला?"

"प्रत्येकाच्या उशाशी पत्रा रोवतात, त्यावर नंबर असतात. पण नंबर साइटवरच्या नोंदीचा घालतात. नोंद नाही म्हटल्यावर पत्रा कोरा असणार." तो माझ्याबरोबर ओळीतून चालला. कोरे पत्रे चार होते. "खारी हवा आहे इथे," तो म्हणाला. "काही मुळात कोरे असतील, काहींचे अंक गेले असतील. मी खात्रीने सांगणार नाही बाई. उगीच चुकीचं सांगायचं नाही."

मी चारही ठिकाणी थोडी थोडी उभी राहिले. रडू आलं नाही. खूप भूक लागली होती.

वहिनी, आता लिहूनच टाकते, नाहीतर ते आत कुजत राहील. फोटो आणि नोंद एका कप्प्यात असते तर हे झालं नसतं. त्या जानेवारीत तो साइटवर दिसला असता. मी साइटवरचा प्रत्येक चेहरा बघते, एक सोडत नाही. मी त्याच आठवड्यात तिथे पोचले असते, आणि तो पेटीत असता, मातीत नसता. मी त्याला घरी आणला असता. तू ती साइट केलेली नाहीस हे मला कळतं. पण तू त्या फोल्डरांची बाजू घेऊन मला लिहीत होतीस, तेव्हा तो त्यातच पडला होता.

चिऊ

१५ ऑक्टोबर

प्रिय चिऊ,

तू लिहिलंस ते बरं केलंस.

मी चार दिवस याच एका गोष्टीचा विचार करते आहे, आणि माझी सुटका व्हावी म्हणून करत नाहीये, एवढं मान. सगळं कपाटात असतं तर काय झालं असतं? कपाटाचा नियम असा की फोटो आणि नोंद दोन्ही आत गेले तरच दार लागतं. मध्ये लाइन गेली तर कपाट दोन्ही बाहेर फेकतं, जणू कुणी काही आणलंच नव्हतं. मग भरणाऱ्याला लाल अक्षरांत दिसलं असतं, की जमलं नाही. त्याने ते वाचून पुन्हा भरलं असतं, तर तू म्हणतेस तसंच झालं असतं. तू त्याला घरी आणला असतास. पण भरणाऱ्याची वेळ संपली असती, किंवा बाहेर गाडी आली असती, आणि त्याने उद्या बघू म्हटलं असतं, तर तुझ्या दादाचा फोटोसुद्धा जगात कुठे राहिला नसता. चार कोरे पत्रे राहिले असते, आणि त्यांतल्या एकाखाली तो आहे हे आपल्या तिघींना कधीच कळलं नसतं. तू आईंना रोज "आपलं कुणी नाही" म्हणत राहिली असतीस.

दोन्हींतलं कुठलं झालं असतं हे कोण सांगणार? मी हे कितीही वेळा मांडून बघितलं तरी माझ्याने ठरत नाही. तुझ्याने ठरत असेल तर तू ठरव, मी तुझं मान्य करते.

नव्या साइटवर फोटो आणि नोंद एकत्र जातील, डेटाबेसमध्ये. शिवाय प्रत्येक फोटोची एक प्रत केंद्राच्या नावाच्या फोल्डरमध्ये वेगळी राहील. समितीतल्या एकांनी विचारलं, एकच गोष्ट दोनदा कशाला ठेवायची. मी म्हटलं, एक सुटते. त्यांना कळलं नाही, पण त्यांनी पुढे वाद घातला नाही.

स्वेटरबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मला लागू नये म्हणूनच लिहिलं नसशील. मी तो मोठा करून करून बघितला. गळ्याची वीण सैल आहे, एका जागी टाका सुटून परत घेतलेला आहे. दुकानातला नाही. कुणीतरी त्याच्या मापाने विणला आहे, आणि विणणारी व्यक्ती फार सराईत नाही. कोण असेल याचे मनात सगळे तर्क करून झाले. दोन दिवस मी त्या व्यक्तीवर चिडले होते. आता वाटतं, कुणी का असेना, जानेवारीत त्याच्या अंगावर लोकर होती.

आईंना सांगायला हवं. मी येऊ का?

वहिनी

२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू यायची वाट बघायची असं मी ठरवलं होतं, पण आईने वाट बघू दिली नाही.

परवा संध्याकाळी चपला काढताना तिने विचारलं, "आज कोण आलं?" आणि माझ्या तोंडून ते नेहमीचं उत्तर बाहेरच येईना. मी चप्पल हातात घेऊन उभी. तिने माझ्याकडे बघितलं आणि मागे वळून डबी आणली. यंत्र कानात घातलं, पंखा बंद केला. म्हणाली, "आता सांग."

मी सांगितलं. साइट, फोल्डर, बंदर, सगळं. लाइन गेली होती हे तिला पटकन कळलं, बाकीचं किती कळलं ते माहीत नाही. मग म्हणाली, "दाखव." मी म्हटलं, आज नको, वहिनी येऊ दे. "तिने बघितलाय ना? मग मलाही दाखव."

तिने फोन दोन्ही हातांत धरला. मला वाटलं ती म्हणेल, हा तो नाहीच. असं म्हणणारे खूप येतात माझ्याकडे. पण तिने त्याच्या केसांवरून बोट फिरवलं, तर फोटो सरकून मोठा झाला आणि पडद्यावर नुसता गळा आला. ती तिथेच बघत राहिली.

"हा स्वेटर कुणी दिला त्याला?"

"माहीत नाही, आई."

"विचारलं नाहीस तिथे?"

"त्यांना कुणाला काहीच माहीत नाही."

तिने फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "ज्याने दिला तोही शोधत असेल गं. घरातून गेला तो त्यांच्याकडे, तसा त्यांच्याकडूनही गेला असेल. न सांगता. त्याची सवयच ती."

त्यानंतर ती रडली. पुष्कळ रडली. मला माझ्या कामात रडणाऱ्यांच्या शेजारी बसायची सवय आहे, पण ती सवय इथे कामाला आली नाही.

काल सकाळी तिने मला बोलावून सांगितलं ते तुला जसंच्या तसं कळवते. ओळख पटली की फोटो साइटवरून उतरवतात, असा आपला नियम आहे. आई म्हणते, याचा उतरवायचा नाही. आपल्याला कळलं. त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांनी कुठे बघायचं?

तुला चालेल का, असंही विचारायला सांगितलं आहे. तू त्याची बायको आहेस, तुला नको असेल तर विषय संपला, असं म्हणाली.

घाई नाही, पण ये. ती तुझी चादर उन्हात घालते आहे.

तुझी,
चिऊ

२७ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

तुमच्याकडून निघाले तेव्हा आईंनी दिलेला डबा अजून धुतलेला नाही, टेबलावर तसाच आहे. आपण तिघी बंदरावर गेलो, तिथे त्या चार पत्र्यांपाशी आईंना उभं राहवेना, तेव्हा तो राखणदार आतून स्टूल घेऊन आला, आणि आई एकाच जागी बसल्या, चारांच्या मधोमध. मला ते बरोबर वाटलं. चारांतला कुठला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात नवी साइट सुरू झाली. पहिली नोंद मी स्वतः भरली. कुठे सापडला याच्यापुढे बंदर लिहिलं, केव्हा याच्यापुढे जानेवारी, दिवस माहीत नाही. त्याचं नाव लिहिलं. तो नकाशे काढायचा हे लिहिलं, कारण स्वेटर देणाऱ्यांना कदाचित त्याने नाव दुसरं सांगितलं असेल, पण हात तर तोच होता. ओळख कुणी पटवली याच्यापुढे तुझं, आईंचं आणि माझं नाव. नात्याचा रकाना आला तेव्हा मी थोडी थांबले आणि लिहिलं, बहीण, आई, बायको. खाली एक ओळ वाढवली: "याला स्वेटर कुणी दिला हे आम्हाला जाणून घ्यायचं आहे. आमची काहीही तक्रार नाही." समितीने नियमात बसत नाही म्हटलं. मग कुणीतरी म्हटलं, राहू दे.

नोंद भरून बटण दाबलं आणि दोन्ही गेल्याची खात्री करून घेतली. मग खुर्चीचा फोटो काढून टाकला.

त्या पानावर दिवसातून किती जण येतात हे मला इथे दिसतं. बहुतेक आपण तिघीच असतो. तुमच्या घरचं पान संध्याकाळी उघडतं, तू आल्यावर, तेव्हा त्या आई असतात हे मला कळतं. काल दुपारी एकदा चौथं कुणीतरी होतं. बराच वेळ होतं. मी इथे काम बाजूला ठेवून नुसती बघत बसले. मग काही न लिहिता ते निघून गेलं.

वहिनी